तिन्ही तेलांचा स्टोव्ह

बुंग, सोलुखुंबू
१२ भाद्र, विक्रम संवत २०५४

प्रिय माइला,

आशीर्वाद. तू बरा असशीलच. काठमांडूत राहून बरा नसलास तर आणखी कुठे असणार! इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. गोठ्यातल्या जळवा म्हशीत आणि माझ्यात काही फरक करत नाहीत.

कामाचं सांगते. तुझ्या भाऊजींना यंदा पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्या पाहुण्यांची स्वतःची तुकडी मिळाली आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तुकड्यांना भात रांधून घातला, आता कार्तिकात हे स्वतः पुढारी. लुक्लाला पाहुणे उतरवून घ्यायचे, झत्रवाची खिंड ओलांडायची आणि मेरा शिखराच्या पायथ्याशी न्यायचे. पाहुणे फ्रेंच आहेत की बेल्जियन, ते यांनाही नीट ठाऊक नाही. पण सगळं सुखरूप पार पडलं तर ते लोक दर वर्षी माणसं पाठवणार आहेत. नाही पडलं तर हे पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली कांदे चिरणार.

आता खोऱ्यात लाकूड जाळायला बंदी आहे, त्यामुळे स्वयंपाक रॉकेलवर. आजवर जो पितळी स्टोव्ह न्यायचे तो हंड्याएवढा. तो वाहतो कोण? आपला दादा. त्याचा उजवा गुडघा उतारावर खटखट वाजतो. विचारलं की म्हणतो, "गुडघा नाही गं, खिशात सुपाऱ्या आहेत." आईबाप गेल्यावर त्याने तुला आणि मला पाठीवरच्या भारावर वाढवलं, लग्नही केलं नाही. या मोसमात त्याच्या पाठीवरचा भार जरा तरी कमी व्हावा असं मला फार वाटतं. ओझं सोड म्हटलं तर सोडणार नाही. निदान ओझं तरी हलकं करू.

तेव्हा पाहुणे पाठपिशवीत घालून आणतात तसला छोटा स्टोव्ह बघ. रॉकेलवर चालला पाहिजे, ते नसेल तर पेट्रोलवर, आणि पाहुण्यांच्या त्या पांढऱ्या तेलावरही. आमच्या खिशाला झेपेल असा. तू तसल्याच दुकानात बसतोस, बहिणीला कधी उपयोगी पडणार?

दादा समोर बसून जाळात फुंकर घालतोय. म्हणतो, लिही: "माइल्याला सांग, चूल म्हणजे तीन दगड. दगडांना पंप मारावा लागत नाही." लिहिलं. आता म्हणतो हेही लिही, की दसैंच्या सणाला घरी ये, तीन वर्षं तुझ्या कपाळाला टिळा लावला नाही.

तुझी
दीदी


ठमेल, काठमांडू
२६ भाद्र २०५४

दीदी,

नमस्कार. तुझं पत्र लुक्लाच्या विमानाने आलेल्या एका माणसाने आणून दिलं, आणि पोचवल्याबद्दल माझ्याकडून दोन चहा उकळले.

स्टोव्हचं मला विचारलंस ते योग्य केलंस. भाऊजींना विचारलं असतंस तर ते सगळ्यात चकचकीत तो घेऊन आले असते. आता नीट वाच.

गॅसचा स्टोव्ह दिसायला फुलासारखा आणि वजनाला काहीच नाही. पण त्याचा डबा संपला की खोऱ्यात दुसरा कोण देणार, यती? शिवाय थंडीत गॅस रुसतो. स्पिरिटचा तर सोडूनच दे, त्यावर चहा होईपर्यंत पाहुणे आपल्या देशी परत पोचतील. राहिला तू म्हणतेस तो. त्याची टाकी म्हणजे वेगळी बाटली, तीच पंपाला जोडायची. बाटलीतून नळी निघते ती बर्नरला. खाली तीन पाय, दुमडले की मुठीत मावतात. रॉकेलला बारीक छिद्राची पितळी टोपी, पेट्रोलला दुसरी, इतकाच बदल.

दुकानात असे दोन आहेत. एक नवा, गुपचूप जळणारा. त्याच्या डोक्यावर चाळणीसारखी बारीक भोकं आहेत, ज्योत फुलते तरी कानाला कळत नाही. तो घ्यायचा तर तुमची म्हैस विकावी लागेल. आणि आपल्याकडचं रॉकेल कसलं येतं ते तुला माहीत आहे, निम्मं पाणी, निम्मा गाळ. ती भोकं बुजली की बर्फात बोटं गारठलेली असताना पिन मारत बसा.

दुसरा वापरलेला आहे, कोरियन गिर्यारोहकांनी जाताना विकलेला. किंमत निम्म्याहून कमी. याला भोक एकच, वर एक जाड चकती, ज्योत तिच्यावर आपटते आणि पसरते. घाण रॉकेल पचवतो, वाऱ्याला भीत नाही. आवाज मात्र असा, की वाटावं डोक्यावरून विमान चाललंय. दुकानाचे मालक साहूजी म्हणतात, लोक याच्या आवाजालाच कंटाळून विकतात.

मी दोन्ही गच्चीवर पेटवून पाहिले. वाऱ्यात पाहिले, ओल्यात पाहिले, मुद्दाम गाळाचं रॉकेल घालून पाहिले. माझं मत विचारशील तर दुसरा घे. आवाजाने चहा कडू होत नाही. आणि भाऊजींचं घोरणं इतकी वर्षं सोसलंस, तुझे कान तयार आहेत.

दादाला सांग, यालाही पाय तीनच आहेत.

दसैंचं अजून सांगता येत नाही. मोसम आहे, साहूजी सोडतील असं वाटत नाही.

तुझा
माइला


बुंग
८ आश्विन २०५४

माइला,

आवाजवाला पाठव. पैसे गावातल्या धनमतीच्या नवऱ्याबरोबर पाठवलेत. मोजून घे, तो वाटेत जांड पितो.

यांना गुपचूप जळणारा हवा होता. म्हणाले, पाहुण्यांसमोर शोभला असता. मी म्हटलं, पाहुणे पोटाने जेवतात, कानाने नाही. शेवटी माझंच चाललं, तुझ्या शब्दावर.

दादा म्हणतो, "तीन पायांचा असेल तर बघू."

दसैंला ये रे. त्याने तुझ्यासाठी कोंबडा राखून ठेवलाय आणि तो कोंबडा घरात कुणाला झोपू देत नाही.

दीदी


बुंग
३ कार्तिक २०५४

माइला,

स्टोव्ह पोचला, तू मात्र पोचला नाहीस. कोंबडा आम्हीच खाल्ला. दादाने तुझ्या वाटचा टिळा एका पानावर काढून ठेवला होता, तो वाळून गेला.

तुझं यंत्र मात्र गुणी आहे. अंगणात पेटवलं तेव्हा कोंबड्या उडाल्या, कुत्रं पळालं, पण भात हां हां म्हणता शिजला. दादाने सगळ्यांसमोर नाक मुरडलं. मग दुपारी मी पाणी भरून आले तर एकटाच पडवीत बसून पंप मारत होता आणि त्या ज्योतीकडे बघत होता. मला पाहून म्हणाला, "बरं दिसतंय. उचलायला काहीच नाही." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! नुसतं त्याच्यासाठीच हे सगळं केलं होतं.

एक गोष्ट मात्र वाईट झाली. टिळ्याच्या दिवशी दादा थोडा जास्त प्यायला होता. भरल्या घरात यांना म्हणाला, "जावयाला पंप मारता येतो, भार नाही उचलता येत." चेष्टाच होती, तू त्याची जीभ ओळखतोस. पण हे ताटावरून उठून गेले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. आता दोघं एकाच तुकडीत निघालेत, हे पुढे आणि दादा शेवटी, मागे राहणाऱ्यांना हाकत आणायला. मी म्हटलं, वाटेत गोड करून घ्या. हे म्हणाले, "आधी खिंड ओलांडू दे."

परवा निघतील. पाहुणे परतले की सविस्तर लिहीन.

दीदी


बुंग
२२ कार्तिक २०५४

माइला,

दादा गेला. खिंडीपलीकडे, बर्फात. तुझे भाऊजी आणि बाकीचे चौघं मिळून त्याला घरी घेऊन आले, आपल्या रीतीप्रमाणे आपल्याच जमिनीत पुरलं. तुला निरोप धाडला होता पण ढगांमुळे विमानं बंद होती.

आत्ता मला जास्त लिहवत नाही. काही विचारू नकोस.

दीदी


ठमेल, काठमांडू
५ मार्ग २०५४

दीदी,

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी मिळालं. मी लुक्लाला यायला दोन दिवस विमानतळावर बसलो आणि परत आलो. चालत यायचं म्हटलं तर आता येऊनही काय बघणार होतो.

तू विचारू नको म्हणालीस, पण मला रात्रंदिवस एकच दिसतं. स्टोव्ह पेटला नसणार. रॉकेल गोठलं असेल किंवा पंपाचं वायसर वाळलं असेल. मी वायसर बदललं नव्हतं दीदी, नुसतं तेल लावून मऊ केलं होतं. वर थंडीत त्याने दम सोडला असणार. गरम पाणी नाही, गरम खाणं नाही, आणि दादा आपला गारठून बसला असेल. साधं चामड्याचं वायसर! मी गच्चीवर किती शहाणपणा केला, तुला किती मोठं पत्र लिहिलं, स्वतःवरच खूश होतो. तो महागातला घेतला असता तर त्याचं सगळं नवंकोरं होतं. मीच तुला स्वस्ताकडे वळवलं.

भाऊजी माझ्याबद्दल काय म्हणतात? जे म्हणत असतील ते मला कळव. स्टोव्ह परत पाठव, मला तो उघडून बघायचाय.

दसैंला मी आलो नाही. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी.

माइला


बुंग
२१ मार्ग २०५४

माइला,

तुझं पत्र वाचून मला राग आला आणि मग रडू आलं. स्टोव्हला काही झालं नव्हतं. वायसर टिकलं, रॉकेल टिकलं, एकदाही पिन मारावी लागली नाही. तू दिलेली वस्तू चोख होती. हे मी लिहिणार नव्हते, पण तू वायसरवर जीव टाकशील आणि खरी गोष्ट तशीच राहील, म्हणून लिहिते. वाचून झालं की कागद जाळ.

खिंड ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. उतरताना धुकं आलं आणि बर्फ पडायला लागलं. एका ओझेवाल्या भरियाची दोरी तुटली, सामान घरंगळलं. दादाने त्याला आणि दुसऱ्याला पुढे पाठवलं, म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, हे मी बांधून आणतो." त्या दोघांनी खाली येऊन सांगितलं की जेठा दाइ, आपला दादा, मागोमाग येतोय. थुली खर्कच्या कुरणात मोठ्या कातळाखाली मुक्काम होता. पाहुणे तंबूत शिरले आणि हे कातळाखाली स्टोव्ह पेटवून बसले. बाकीचे जवळच अंग टाकून पडलेले.

तिन्हीसांजेची वेळ. स्टोव्ह जोरात चालला होता. मग बाटलीतला दाब उतरला, ज्योत खाली बसली, आवाज पडला. यांनी पंपाला हात घातला आणि तेवढ्यात हाक ऐकली. "जावईबापू!" एकदाच.

आता तूच सांग, आपल्याला लहानपणी काय शिकवलं? धुक्यात, दिवेलागणीला हाक आली तर ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं, माणूस तीनदा मारतो. तिसरी हाक आली की मग ओ. आणि आपण हाक मारायची तीही तीनदा. तिसरीलाही ओ आली नाही तर समजायचं तिकडे माणूस नाही, ती वाट सोडायची. शिकवलं कुणी? दादानेच ना? त्याने तर तुझ्या पाठीत एकदा रट्टा घातला होता, पहिल्याच हाकेला ओरडलास म्हणून.

हे हात पंपावर ठेवून थांबले. दुसरी हाक आली नाही. यांनी पंप मारला. आवाज पुन्हा चढला. बस्स, एवढंच.

जेवणं झाल्यावर स्टोव्ह बंद झाला, दादा अजून आला नाही हे पाहून हे आणि दोघं दिवे घेऊन निघाले, घसा फुटेस्तोवर ओरडले. त्या वेळी कोण ओ देणार? सकाळी धुकं उठलं तेव्हा बर्फावर पावलं दिसली. कातळाच्या वरच्या अंगापर्यंत आलेली, तिथे एका जागी बर्फ तुडवलेला, आणि मग तिथून वळून पलीकडच्या घळीत उतरलेली. त्या घळीत तो बसलेला सापडला, भार शेजारी नीट बांधून ठेवलेला.

तुडवलेल्या जागी उभं राहून दादाने तीन हाका मारल्या असणार, माइला. त्याच्याइतका नियम पाळणारा गावात दुसरा नव्हता. पहिल्या दोन तुझ्या स्टोव्हने गिळल्या. यांना ऐकू आली ती तिसरी; तिलाही ओ आली नाही आणि स्टोव्हचा आवाज त्याला वाराच वाटला असेल, म्हणून त्याने वाट सोडली. दोघांनीही शिकवल्याप्रमाणेच केलं.

हे मला यांनी स्वतः सांगितलं, पुरून आल्यावर, चुलीपाशी बसून. दुसऱ्या कुणाला माहीत नाही. गावात तशीही कुजबुज आहे, दसैंच्या भांडणाची. आणि आता मलाही वाटतं, ते भांडण नसतं तर? आवाज दादाचा आहे हे यांना कळलं नसेल? जावईबापू म्हणून दुसरं कोण हाक मारतं यांना? मनात राग होता म्हणून भुताचं निमित्त पटकन पटलं असेल का? हा प्रश्न मी यांना विचारू शकत नाही आणि विचारल्याशिवाय राहूही शकत नाही. मी दादाच्या घरी येऊन राहिले आहे. लोकांना सांगते, त्याची चूल थंड पडू नये म्हणून.

पाहुण्यांनी पत्र पाठवलंय, पुढच्या वर्षी पुन्हा येतो म्हणून. यांनी उत्तर दिलेलं नाही.

दीदी


ठमेल, काठमांडू
१० पौष २०५४

दीदी,

तुझं पत्र मिळालं. त्याच संध्याकाळी तसलाच दुसरा एक आवाजवाला आला होता विकायला, तो घेऊन गच्चीवर गेलो आणि पेटवला. जिन्याच्या तोंडाशी साहूजींना उभं केलं आणि म्हटलं, मला हाक मारा. ते मारत होते, तोंड हलताना मला दिसत होतं. ऐकू काही आलं नाही. मी त्या स्टोव्हचं वजन केलं होतं, पाणी किती वेळात उकळतं ते पाहिलं होतं, वारा, ओल, गाळ सगळं पाहिलं होतं. शेजारून माणूस हाक मारेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुला मी थट्टेने लिहिलं, तुझे कान तयार आहेत. ते वाक्य मला आता पाठ झालंय.

पण भाऊजींबद्दल तू जे लिहिलंस त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. मी लहान आहे, रागावलीस तरी चालेल.

त्यांनी ती हाक ऐकली हे कुणाला ठाऊक होतं? कुणालाही नाही. बाकीचे झोपलेले, पाहुणे तंबूत. गप्प बसले असते तर जन्मात कुणाला कळलं नसतं, तुलाही नाही. ज्याच्या मनात खोट असते तो असं चुलीपाशी बसून बायकोला सांगत नाही. आणि भूत ओळखीच्याच आवाजात हाक मारतं, हेही दादानेच सांगितलं होतं. आवाज ओळखीचा म्हणून तर ते जास्त घाबरले असतील.

आता माझं सांगतो. मी इथे विजेच्या दिव्याखाली राहतो, सिनेमे बघतो, भुताखेतांना हसतो. गेल्या आठवड्यात धुकं होतं, मी गल्लीतून येत होतो, मागून कुणीतरी माझ्या नावाने, "नरधन" म्हणून, एकदाच हाक मारली. मी ओ दिली नाही. पाय उचलून चालत राहिलो. सकाळी कळलं, तो कोपऱ्यावरचा पानवाला होता, माझी टोपी पडली होती. म्हणजे तुझं पत्र खिशात असूनही मी ओ दिली नाही. त्या कातळाखाली मी असतो तर मीही दिली नसती, आणि खरं सांग, तूही दिली नसतीस.

मी माघात येतोय. साहूजींना विचारलं नाही, सांगितलं. दादाच्या घराची चूल मी पेटती ठेवीन. तू आपल्या घरी जा.

तुझा
माइला


बुंग
२८ पौष २०५४

माइला,

तुझं पत्र वाचल्यावर मी दोन दिवस तुझ्यावर रागावले होते, मोठ्या बहिणीला शिकवतोस म्हणून. तिसऱ्या दिवशी जाळ झाकला आणि वर आमच्या घराकडे निघाले.

संध्याकाळ झाली होती, धुकं उतरलं होतं. कुंपणापाशी गेले पण आत पाऊल पडेना. आत यांचा खोकला ऐकू येत होता. काय बोलायचं ते ठरवलं होतं ते सगळं विसरले. मग मी हाक मारली. बायको नवऱ्याला कशी मारणार, "अहो" म्हटलं. आणि मुद्दाम थांबले. दुसरी मारली नाही. मला बघायचं होतं. काय बघायचं होतं ते मलाही धड सांगता येणार नाही.

माझा शब्द पुरता संपायच्या आधीच आतून "ओ" आली. दार उघडून हे अनवाणीच धावत आले, हातात पेटती चूड, आणि मी कुठे दिसत नाही म्हणून धुक्यात सगळीकडे "ओ, ओ" करत फिरायला लागले. शेजारीण नंतर सांगत होती, रोजच असं करतात. कुत्रं भुंकलं तरी ओ देतात, झाडाची फांदी वाजली तरी ओ देतात आणि बाहेर येऊन उभे राहतात. गावातली पोरं आता मुद्दाम लपून हाका मारतात, हसतात, आणि हे दर वेळी येतात.

मी पुढे झाले, त्यांच्या हातातली चूड घेतली. मला विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऐकू आलं मला."

तेव्हा मला जे वाटलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी छातीत असं काही पेटलं की मी कुंपण धरून खाली बसले. एक अक्षर, माइला. ओ म्हणायला किती कमी लागतं रे.

ये लवकर.

दीदी